सात नंबरला लागणारा अंधार

"मेलंय गं तुझं सात नंबर," अरुंधती जोगळेकर म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "पाच पेशी धरल्या. पाचही गळक्या."

हायडेलबर्गला नेकर नदीच्या उत्तर काठावर विद्यापीठाच्या इमारती पसरल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या तळघरातली ही खोली. खिडकी नाही. भिंती काळ्या. छताजवळ एक मंद तांबडा दिवा आणि दाराला जाड काळा पडदा. त्या पडद्याशी धम्मदीपा गजभिये उभी होती. हातात वही नाही, पेन नाही. नुसती ऐकायला आली होती.

"गळक्या म्हणजे कशा, ताई?"

"म्हणजे बुडाला भोक पडलेल्या बादल्या. प्रकाश टाकायच्या आधीच करंट वाहतोय. आणि प्रकाश टाकला तर ढिम्म. रेषा जागची हलत नाही."

"एखादी तरी नीट मिळाली असती तर..."

"अगं, वीस वर्षं हेच करतेय मी. असती तर मिळाली असती. तुझं हे प्रथिन पेशीला बाधत असणार. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

धम्मदीपा मुळातच कमी बोलते. "बरं," एवढंच म्हणून ती बाहेर पडली. घरी जायला तिने ट्राम पकडली नाही. नदीच्या काठाने चालत गेली. फेब्रुवारीचा गार वारा होता, पण तिचं लक्ष नव्हतं. दोन हिवाळ्यांचं काम त्या पाच गळक्या पेशींवर येऊन थांबलं होतं.

ते काम काय होतं, ते सांगायला हवं.

तळ्यातल्या हिरव्या शेवाळात एक सूक्ष्म जीव असतो. त्याला डोळे नाहीत, तरी उजेड कुठून येतो ते त्याला कळतं. त्याच्या अंगात एक प्रथिन असतं, ते कळवतं. प्रथिन म्हणजे इथे एक दार समजा. प्रकाश पडला की दार उघडतं आणि बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात. हे दार दुसऱ्या एखाद्या पेशीत बसवता येतं. मग ती पेशीही प्रकाशाला जागी होते. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी निकामी झाल्या असतील, तर शिल्लक राहिलेल्या पेशींत अशी दारं बसवून पाहावीत, या आशेवर जगभर पुष्कळ लोक खपतात.

दार कोणत्या रंगाला उघडतं आणि उघडल्यावर किती वेळ उघडं राहतं, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून. प्रथिन ही एक माळ असते. माळेतला एक मणी बदलला तर रंग बदलतो, किंवा वेळ बदलतो, किंवा दारच मोडतं. कोणता मणी बदलल्यावर काय होईल, ते नुसतं पाहून सांगता येत नाही. आणि अशा माळा इतक्या होऊ शकतात, की एकेक करून तपासत बसायचं तर माणसाच्या कितीतरी पिढ्या संपतील. म्हणून जी मोजून झाली आहेत ती संगणकाला दाखवायची आणि न मोजलेल्यांचा अंदाज त्याच्याकडून घ्यायचा. धम्मदीपाचं काम हे.

तिच्या सासूबाई मीराबाई जानेवारीत तुमसरहून मुलाकडे, उज्ज्वलकडे, आल्या होत्या. पहिलाच विमानप्रवास. तुमसर म्हणजे भाताचा मुलूख. तिथल्या राइस मिलमध्ये मीराबाईंनी उभी हयात तांदूळ निवडण्यात काढली. सून दिवसभर खुर्चीत बसते आणि तरी घरी थकून येते, हे त्यांना कोडं होतं. एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्यांनी विचारलंच.

"उज्ज्वल म्हणते, दीपा कॉम्प्युटरले शिकवते. तो का शाळेत जाते?"

"आई, तुम्ही तांदूळ निवडायला कशा शिकलात? कोणी नियम सांगितले होते?"

"नियम कायचे! मुकादमीण बाजूले बसली. हे ठेव, हे टाक. हे ठेव, हे टाक. चुकलं का चिमटा घ्यायची. मंग हातच सांगू लागला."

"तसंच. मी त्याला मोजलेली प्रथिनं दाखवते. हे निळ्याला उघडतं, हे हिरव्याला. शेकडो दाखवली की त्याचाही हात बसतो."

"आन् चुकला का चिमटा घेते तू?"

"घेते ना. आमच्यात त्याला वेगळं नाव आहे."

मीराबाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "तरी मेहनत कुठे आहे यात? मेहनत तं त्याची झाली."

धम्मदीपाने चिरलेली भाजी कढईत टाकली. उत्तर द्यायचं झालं असतं तर बराच वेळ लागला असता.

मेहनत दाखवण्याच्या मालात होती. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या वर्षांत लोकांनी ही प्रथिनं मोजलेली. कोणी साबणाच्या पाण्यात विरघळवून रंग मोजला, कोणी जिवंत पेशीत. कोणी अंधारात ठेवून मोजला, कोणी उजेड दाखवून, आणि त्याच प्रथिनाचा आकडा थोडा वेगळा आला. सगळे आकडे एका रांगेत लावले तर संगणक शिकतो, पण चुकीचं शिकतो. धम्मदीपाने एकेक जुना लेख काढला. नुसता छापलेला आकडा तिने कधी उचलला नाही. आलेख मोठा करायचा, त्याचं शिखर स्वतः वाचायचं, कशात मोजलं ते शोधायचं, सापडलं नाही तर लेखकाला ईमेल करायचा. एका जपानी म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने तिला उलट लिहिलं, की हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. शंका राहिली तो आकडा ती बाद करायची. जमवलेल्यातलं निम्मं तिने स्वतःच्या हाताने टाकून दिलं.

असं शिकवून संगणकाचं मॉडेल तयार झालं तेव्हा पहिल्या परीक्षेत त्याला भरघोस गुण पडले. गटातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मदीपाला ते गुण पटले नाहीत. तिने खोदून पाहिलं. एका मण्याचा फरक असलेली सख्खी भावंडं, एक शिकवणीत आणि दुसरं परीक्षेत, अशी विभागली गेली होती. मॉडेल शिकलं नव्हतं, भावाचं उत्तर पाहून लिहीत होतं. तिने अख्ख्या घराण्यांची घराणी वेगळी काढली आणि पुन्हा परीक्षा घेतली. गुण धाडकन खाली आले. ते तिने स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं. गटप्रमुख प्रोफेसर होल्टमान यांचा चेहरा उतरला. त्यानंतरचा पुरा हिवाळा तिने ते गुण वर आणण्यात घालवला. इंचाइंचाने वर आले. पण आता ते खरे होते.

त्या मॉडेलने सुचवलेल्या माळांपैकी काही प्रयोगशाळेत बनवल्या. बहुतेक ठीकठाक निघाल्या. अंदाजाप्रमाणे, पण नवं काही नाही. भिस्त होती ती सात नंबरवर. मॉडेलचं म्हणणं, हे दार गडद तांबड्या प्रकाशाला उघडेल आणि उघडलं की बंद व्हायला फार वेळ घेईल. म्हणजे थोडा प्रकाशही पुरेल.

तांबडाच का, हेही तिने मीराबाईंना दाखवलं होतं. मोबाईलचा टॉर्च लावून त्यांचा तळवा त्यावर दाबला. हात लाल उजळला.

"पांढऱ्यातले बाकीचे रंग मांसात अडकतात, आई. तांबडा आरपार येतो."

"आन् डोळ्यालेही तोच सोसते," मीराबाई म्हणाल्या. "निळा तं सुईसारखा टोचते."

महिनाअखेरीस होल्टमान एक प्रथिन पुढे पाठवणार होते. म्युनिकजवळचा एक गट आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांवर काम करतो. त्यांच्याकडे जागा एकाचीच. सात नंबर चाललं असतं तर ते गेलं असतं. नाहीतर जुनंच, सगळ्यांना ठाऊक असलेलं प्रथिन जाणार होतं. आणि होल्टमान यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. संगणकाच्या अंदाजांवर यापुढे तळघरातल्या खोलीचा वेळ खर्च होणार नाही.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपाने अरुंधतीताईंची मोजमापं मागून घेतली. ताईंनी दिली, पण एक टोमणा मारून. "घे. मेलेल्याचं पोस्टमॉर्टेम कर."

ती एकेक रेषा बघत गेली. सात नंबरच्या पाचही पेशी गळत होत्या, हे खरं होतं. पण त्याच दिवशी, त्याच हाताने, शेजारच्या बशीतल्या साध्या पेशीही धरल्या होत्या. त्यांत प्रथिन घातलेलंच नव्हतं. त्या ठणठणीत होत्या. आणखी एक गोष्ट तिला खटकली. बाधलेली पेशी सुरकुतते, मरायला टेकते. या पेशींचे फोटो तिने पाहिले. गोल, टपटपीत, तजेलदार. अशी धडधाकट पेशी गळते कशी?

आकडे पाहून उत्तर मिळेना. तेव्हा तिने विचारलं, "ताई, उद्या तुमच्याबरोबर बसू का खोलीत? बोलणार नाही."

"बस. पण मोबाईल बाहेर. घड्याळही बाहेर."

त्या खोलीत ताईंची शिस्त कडक. यंत्रांवरच्या लुकलुकणाऱ्या बारक्या दिव्यांवर काळी टेप. संगणकाच्या स्क्रीनवर तांबडी फिल्म. चालू असायचा फक्त छतावरचा तांबडा दिवा, तोही मंद. ही प्रथिनं निळ्याला जागी होतात, हिरव्याला होतात. तांबडा त्यांना दिसत नाही. म्हणून असं काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत दिवा तांबडाच असतो.

धम्मदीपा स्टुलावर बसून राहिली. ताई दुसऱ्याच कुणाचं प्रथिन मोजत होत्या. केसाहून बारीक तोंडाची काचेची नळी एका पेशीवर अलगद टेकवायची, हलकासा श्वास ओढल्यासारखी ओढ द्यायची आणि पेशीचं कातडं नळीच्या तोंडाला घट्ट बसवायचं. ताईंच्या हातांत हे काम बघण्यासारखं होतं. बोटं हलत होती की नाही तेही कळत नव्हतं.

डोळे सरावले. धम्मदीपाने मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तिला बोटं दिसत होती. थोड्या वेळाने नखंही दिसू लागली. बांगडीवरची नक्षी दिसली.

ती तशीच बसून राहिली. मला दिसतंय, म्हणजे उजेड आहे. तांबडा उजेड. सात नंबरला तांबडाच तर दिसायला हवा. आणि ते एकदा उघडलं की बंद व्हायला वेळ घेतं. म्हणजे हा मंद दिवाही त्याला थेंबाथेंबाने उघडत राहणार. बशी खोलीत आल्यापासून एकेक दार उघडत जाईल आणि नळी टेकेपर्यंत सगळी दारं सताड उघडी. मग पेशी गळणारच. आणि वरून प्रकाश टाकला तर उघडायला उरलंय काय?

ताईंचं मोजमाप संपेपर्यंत ती काही बोलली नाही. कबूलच केलं होतं. संपल्यावर म्हणाली, "ताई, सात नंबर एकदा दिवा बंद करून बघू या?"

"कुठला दिवा?"

"हा. तांबडा."

ताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हा दिवा मी लावलाय. याच्याखाली किती पेशी मोजल्या त्याची गणती नाही."

"त्या निळ्या-हिरव्याच्या होत्या."

"आल्झो, म्हणजे तुझं मशीन बरोबर आणि माझी खोली चूक!"

"खोली चूक नाही. सात नंबरपुरती चूक असू शकेल. मला ठाऊक नाही, म्हणूनच बघायचंय."

"आणि दिवा घालवूनही मेलेलंच निघालं तर?"

"तर होल्टमानना मी सांगेन. अंदाज चुकला, तुमचा हात बरोबर होता."

"ते मी आत्ता जाऊनसुद्धा सांगू शकते," ताई म्हणाल्या. मग त्यांनी नळी काढून कचऱ्यात टाकली, नवी घेतली, तीही खाली ठेवली. "अगं, पण पूर्ण अंधारात पेशी धरायची कशी? मी काय वटवाघूळ आहे?"

"कॅमेऱ्याला अदृश्य प्रकाश चालतो. तो इन्फ्रारेडवरच आहे, आणि ते सात नंबरलाही दिसत नाही. स्क्रीन तेवढा बाहेर न्यायचा. स्क्रीनसमोर मी बसते. तुम्ही आत. मी सांगेन तसा हात न्या."

आपला हात दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचा, हे वीस वर्षांत त्यांनी केलं नव्हतं.

"शुक्रवार माझा आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "तुला देते. पण पेशी तू वाढवायच्या. तू झाकायच्या. आणि मी आत कुठे ठेचकाळले तर महिनाभर मेन्झामध्ये जेवताना माझा ट्रे तू उचलायचास."

धम्मदीपाने पेशी वाढवल्या. बशांना दुहेरी फॉइल गुंडाळली. प्रथिनाला रंग पकडायला जो पदार्थ लागतो तो घालायचं कामसुद्धा तिने अंधारात, चाचपडत केलं. आधी साध्या पाण्यावर हात बसवला, मग खऱ्या बशीला हात लावला. गुरुवारी तिने खोली बंद करून आत बसून पाहिलं. सगळं बंद केलं तरी उजेड निघतच राहिला. पंपाच्या मागे एक तांबडा ठिपका. पॉवर स्ट्रिपच्या बटनात दुसरा. दाराखाली फट. तिने एकेक बुजवला आणि पुन्हा बसली. डोळ्यांसमोर हात धरला. दिसला नाही. तेव्हाच ती उठली.

शुक्रवारी सकाळी बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तळघराच्या बोळात दिवे बंद. ताई आत गेल्या. बाहेर, जाड पडद्याच्या अलीकडे, धम्मदीपा अंधुक केलेल्या स्क्रीनपुढे बसली.

"आता थांबायचं," ती म्हणाली. "आणताना चुकून काही उघडलं असेल तर मिटू दे."

"थांबू या," आतून आवाज आला. "एवढा वेळ मी घरीसुद्धा कधी गप्प बसत नाही. ऊर्जाला विचार."

ऊर्जा ही ताईंची सोळा वर्षांची मुलगी. धम्मदीपाने विचारलं, "मराठी बोलते का ती?"

"समजतं सगळं. मी मराठीत ओरडते, ती जर्मनमध्ये माफी मागते. आजीशी फोनवर मात्र 'अहो आजी' एवढं म्हणते आणि फोन माझ्याकडे देते." मग ताई म्हणाल्या, "त्या दिवशी मी फटकन मेलंय म्हणाले. राग आला होता ना?"

"राग नाही. पण पटलं नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा कारण नव्हतं माझ्याकडे."

आतून हसल्याचा आवाज आला. "तू माझी सून व्हायला हवी होतीस. मला मुलगा नाही, हे तुझं नशीब."

तेवढ्यात बोळाच्या टोकाला पावलं वाजली. इमारतीची देखभाल पाहणारा हाउसमाइस्टर येत होता. दिवे गेलेत असं त्याला वाटलं. त्याचा हात भिंतीवरच्या बटनाकडे गेला.

"नाइन!" नको म्हणून धम्मदीपा एवढ्या जोरात ओरडली की तो दचकून मागे सरला. तिचा इतका मोठा आवाज त्या इमारतीत कोणी ऐकला नव्हता. तिने उठून जाऊन त्याला हळू आवाजात समजावलं. तो बिचारा मान डोलवत, भिंत चाचपत परत गेला.

"कोण होतं गं?"

"कोणी नाही. सुरू करू या."

स्क्रीनवर पेशी दिसत होती. राखाडी, गोल. नळीचं टोक कोपऱ्यात.

"डावीकडे या. अजून. थांबा. आता खाली."

"किती?"

"तुमच्या मोजमापात सांगता येत नाही मला. सावकाश या, मी थांब म्हणेन."

"मग नुसतं 'खाली', 'थांब' म्हणत राहा."

"खाली. खाली. अगदी थोडं. थांबा!"

पहिली पेशी फुटली. दुसरीही. तिसरीला नळी घसरली. आत ताई स्वतःवरच चिडल्या, मग हसल्या आणि त्यांनी नवी नळी घेतली. चौथ्या पेशीला तिचे शब्द आणि ताईंचा हात जुळले. यंत्राचा बारीक आवाज चढत गेला. नळी घट्ट बसली की तो चढतो.

"बसली," ताई आतून कुजबुजल्या. "गळती बघ."

धम्मदीपाने बघितलं. रेषा सपाट होती. गळती नाही. जवळजवळ काहीच नाही.

"नाही गळत, ताई."

दोघींनाही कळलं होतं, पण अर्धंच. गळत नाही म्हणजे दार बंद आहे. ते उघडतं का, हे अजून पाहायचं होतं.

"टाकू?"

"टाका. सगळ्यात मंद. तांबडा."

आत शिरणारा करंट स्क्रीनवर रेषा खाली ओढतो. प्रकाशाची एक चिमूट पडली आणि रेषा खाली वळली. जोरात नाही, पण थांबलीही नाही. खाली जात राहिली, तळाशी टेकली आणि प्रकाश बंद झाला तरी तिथेच पडून राहिली. मॉडेलने सांगितलं होतं तशीच. उघडलं की लवकर न मिटणारं दार.

"बोल की गं!" आतून ताई ओरडल्या. "काय झालं?"

"उघडलं," धम्मदीपा म्हणाली. मग पडद्याजवळ तोंड नेऊन पुन्हा सांगितलं, "ताई, उघडलं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ताईंनी आत टेबलावर थाप मारली आणि लगेच स्वतःलाच दटावलं, "अगं, हलली ना पेशी! थांब, थांब, आहे. आहे अजून."

इथे कोणी दुसरं असतं तर दिवे लावून बाहेर पडलं असतं. धम्मदीपा म्हणाली, "आता नवी बशी घ्या. पेशी अंधारात धरा. गळत नाही ना ते बघा आणि मग तुमचा छतावरचा दिवा लावा."

"कशाला?"

"अंधारात चाललं एवढं पुरेसं नाही. दिव्यानेच गळतं, हे दिसायला हवं."

ताईंनी पेशी धरली. सपाट रेषा. मग त्यांनी हात वर करून दिव्याचं बटन दाबलं. स्क्रीनवर रेषा हळूहळू घसरू लागली. भोक पडलेल्या बादलीसारखी. भोक नव्हतंच. दार होतं, आणि दिवाच ते उघडत होता.

ताई पडदा सारून बाहेर आल्या. डोळे चोळत त्यांनी स्क्रीन पाहिला. बराच वेळ पाहिला.

"पाचही पेशी चांगल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी फेकून दिल्या."

सोमवारी गटाची बैठक झाली. धम्मदीपा उभी राहिली. आधी तिने चुकलं ते सांगितलं. मॉडेलने सांगितलेल्या तांबड्यापेक्षा सात नंबर किंचित नारिंगीकडे झुकतं. दार मिटायचा वेळही अंदाजाहून कमी. तो फरक तिने आलेखात तांबड्या रेघेने दाखवला, झाकला नाही. मग उरलेलं दाखवलं.

होल्टमान चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकले. "पहिल्या वेळी ते मेलेलं का दिसलं?"

धम्मदीपाने तोंड उघडायच्या आत अरुंधतीताई बोलल्या. "दिवा माझा होता. तो बरोबर आहे असं मी धरून चालले होते. हिने आत बसून स्वतःची बोटं पाहिली."

खोलीत कोणीतरी हसलं. होल्टमान हसले नाहीत. त्यांनी आलेख पुन्हा लावायला सांगितला. मंद प्रकाशाचा आकडा वाचला, मोठ्याने वाचला. आजवर हातात असलेल्या कुठल्याही प्रथिनाला एवढ्या थोड्या तांबड्या प्रकाशात त्यांनी असं उघडताना पाहिलं नव्हतं.

"हे जाईल म्युनिकला," ते म्हणाले. "जुनं नाही. हे. आणि फ्राउ गजभिये, तळघराची खोली तुम्हाला किती दिवस लागेल?"

"ताई सांगतील," धम्मदीपा म्हणाली. "हात त्यांचा आहे."

संध्याकाळी उज्ज्वल मानहाइमहून, त्याच्या यंत्रांच्या कंपनीतून, घरी पोचायच्या आधीच मीराबाईंना बातमी कळली होती. सून दारातूनच हसत आली, तेव्हाच त्यांनी ओळखलं.

"मंग आता आंधळ्याले दिसन?"

"नाही, आई. आधी उंदीर. तेही जमलं तर. पुढे वर्षानुवर्षं आहेत."

"मंग एवढी खुशी कायची?"

धम्मदीपाने जॅकेट काढून खुंटीला लावलं. "कोणी न बनवलेली माळ होती, आई. ती कशी वागेल ते आधी सांगितलं. बनवली. तशीच वागली."

मीराबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग आतून गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला. "मेहनत कुठे आहे म्हणलं होतं मी," त्या म्हणाल्या. "वापस घेतो. दाखवजो मले येक दिवस तुही खोली."

पण धम्मदीपाचं डोकं तोवर पुढे गेलं होतं. जेवताना ती मधेच थांबली. सात नंबर तांबड्या दिव्याखाली मेलेलं दिसलं. मग आजवर तांबड्या दिव्याखाली मेलेली ठरवलेली बाकीची? जुन्या लेखांतून तिने जी 'निकामी' म्हणून उचलली होती आणि मॉडेलला निकामी म्हणूनच शिकवली होती, त्यांतली किती खरंच निकामी? तिने शिकवणीच्या मालातलं निम्मं टाकलं होतं. ठेवलेल्या निम्म्यातही हे शिरलं होतं.

मंगळवारी सकाळी ती अरुंधतीताईंकडे गेली. तिने सगळं सांगितलं. म्हणजे पुन्हा लेख काढायचे, पुन्हा ईमेल करायचे, या वेळी एकच प्रश्न विचारायचा, खोलीत दिवा कोणता होता. आणि आपल्याकडची रद्द केलेली प्रथिनं पुन्हा अंधारात तपासायची.

"सगळी?" ताईंनी विचारलं.

"सगळी."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. ड्रॉवरमधून जाड हातमोजे काढले, एक जोडी तिच्याकडे फेकली आणि दोघी बोळाच्या टोकाच्या मोठ्या फ्रीझरकडे गेल्या. झाकण उघडलं. पांढरी थंड वाफ बाहेर आली. तळाच्या कप्प्यात बर्फ धरलेला एक डबा होता. त्यावर ताईंच्याच अक्षरात काळ्या शाईने लिहिलं होतं, टोट. म्हणजे मेलेली.

ताईंनी बर्फ खरवडून डबा सोडवला, वर ओढला आणि धम्मदीपाच्या हातात दिला.

"धर नीट," त्या म्हणाल्या. "जड आहे."